आत्याचं घर रिकामं करायचंय, वस्तूंना चिठ्ठ्या लावून विकायच्या आणि पैसे दानाला. कोणी केलंय का असं?

बाळीवेसकर | ४ सप्टेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आत्या गेल्या मार्गशीर्षात गेली. लग्न केलं नव्हतं, सिव्हिलमध्ये सिस्टर होती, रिटायर होऊन वीस वर्षं झालेली. सोलापुरात बाळीवेशीजवळ तिचं जुनं घर आहे, खाली चार खोल्या, वर माडी, मागे छोटं अंगण. घर विकायचं ठरलंय आणि दिवाळीच्या आत रिकामं करून द्यायचंय. मी आणि माझी चुलत बहीण दोन रविवार तिथं जाऊन बसलो आणि दोन्ही वेळा एक कपाट उघडून, रडून, चहा पिऊन परत आलो, म्हणजे काम शून्य.

सामान म्हणाल तर तीन लोखंडी कपाटं, दोन पलंग, उषा कंपनीची शिलाई मशीन (चालू), पितळेची दोन घंगाळं, एक बंब, तांबे-पेले-पातेली मोजलीच नाहीत, स्टीलची पाण्याची पिंपं १४ (हो चौदा, सोलापूरकरांना कारण सांगायला नको), साठ-सत्तर साड्या, पुस्तकं, झोपाळा, कपबशा, आणि एका ट्रंकेत २२ कोऱ्या सोलापुरी चादरी लेबलासकट. आयुष्यभर जिथं गेली तिथं आहेर म्हणून चादरच मिळाली बिचारीला.

आत्या नेहमी म्हणायची की माझ्यामागं काय निघेल ते सिव्हिलला येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांच्या जेवणाला द्या. एक संस्था ते काम करते, नाव इथं लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. भंगारवाल्याला बोलावलं तर त्यानं सगळ्या घराचे मिळून जे सांगितलं ते ऐकून बहीण म्हणाली एवढ्यात नुसती पिंपं पण येत नाहीत. म्हणून डोक्यात आलं की घरातच दोन दिवस विक्री लावायची, प्रत्येक वस्तूला किंमत लिहून चिठ्ठी अडकवायची, येईल तो घेईल, पैसे संस्थेला.

किंमत कशी लावायची? लोक येतील का? कोणी केलं असेल तर सांगा.

चिल्लर_पार्टी | ४ सप्टेंबर, रात्री ११:०५

साड्या बोहारणीला द्या आणि चार टोप घ्या, विषय संपला :)

बाळीवेसकर | ४ सप्टेंबर, रात्री ११:०९

अहो टोपच तर संपवायचेत, अजून टोप घेऊन काय करू.

सात_रस्ता | ५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

भावना चांगली आहे पण विकायचं कशाला? गरिबांना सरळ वाटून टाका की. आत्यांच्या आत्म्याला शांती लाभेल. दानाच्या कामात पैशाचा बाजार बरा दिसत नाही, लोक काय म्हणतील, भाच्यांनी आत्याचं घर विकायला काढलं.

पाणीवार | ५ सप्टेंबर, सकाळी ८:१५

बाकी काही करा पण तारीख ठरवायच्या आधी तुमच्या भागाचा पाण्याचा वार बघा. पाणी सुटायच्या दिवशी सोलापुरात कोणी घर सोडत नाही, फुकट सोनं वाटलं तरी नाही. आमच्या सोसायटीनं मागं पुस्तक प्रदर्शन ठेवलं होतं, नेमकं चार दिवसांनी पाणी आलेल्या सकाळी, सेक्रेटरीसकट सगळे मोटर लावून गच्चीवर. प्रदर्शनात एक कुत्रं आणि मी.

आणि पेठेत एका गल्लीला एक दिवस आणि दुसरीला दुसरा असतो, म्हणून एक दिवस नको, दोन दिवस लागून ठेवा, कोणाचा तरी एक दिवस मोकळा निघेल.

लूमवाला | ५ सप्टेंबर, दुपारी १:४०

@सात_रस्ता, साहेब राग मानू नका पण वाटून टाका म्हणणं सोपं आहे, घेणाऱ्याच्या बाजूनं मी सांगतो.

आमचं घर अशोक चौकाच्या पलीकडं, वडील लूमवर, आई विड्या वळायची. मी चौथीत असताना एकदा कुणीतरी मोठे लोक आले चाळीत जुने कपडे वाटायला. आम्हाला रांगेत उभं केलं, हातात दिलं आणि फोटो काढला. मला मिळालेला शर्ट चांगला होता बे, कॉलरला थोडं विरलेला एवढंच. पण आईनं तो मला कधी घालू दिला नाही. गोधडीत घातला. का म्हणून विचारलं तर काही बोलली नाही.

आणि त्याच्या दोन वर्षांनी वडिलांनी जुनी सायकल आणली, दीडशे रुपयाला, घासाघीस करून पावणेदोनशेची दीडशेला. ती सायकल चाळीतल्या प्रत्येक माणसाला दाखवली आईनं. दीडशेला घेतली, दीडशेला घेतली, महिनाभर चालू होतं. जुनीच वस्तू होती ती पण. शर्टापेक्षा जास्त जुनी.

तेव्हा ताई, तुम्ही विकाच. कमी किमतीला विका पण किंमत लिहून विका. आणि एक गोष्ट, चिठ्ठी लावायला दोरा विकत आणू नका, आमच्याकडं लूमवरचं उरलेलं सूत पोत्यानं पडलंय, बॉबिनच देतो दोन-चार. स्टिकर तर अजिबात लावू नका, ऑक्टोबरच्या उन्हात डिंक वितळून भांड्याला असा बसतो की खोबरेल तेल लावून घासत बसावं लागतं.

सात_रस्ता | ५ सप्टेंबर, दुपारी ३:०२

राग कसला. हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं. माझ्याकडे एक टेबलफॅन आहे चालू, तो पण घेऊन जा विक्रीला.

कनेक्टिकटचा_सोलापुरी | ५ सप्टेंबर, रात्री ९:५०

वा, धागा बघून बरं वाटलं. मी मूळचा रेल्वे लाइन्सचा, अठरा वर्षं इकडे अमेरिकेत. आमच्या कनेक्टिकटमध्ये याला टॅग सेल म्हणतात, प्रत्येक वस्तूला किमतीचा टॅग लावलेला म्हणून. बाकीच्या अमेरिकेत गॅरेज सेल किंवा यार्ड सेल, आणि माणूस गेल्यावर अख्खं घर विकायला काढतात त्याला इस्टेट सेल. चर्च, शाळा, लायब्ररी यांच्या मदतीसाठी पण करतात, लोक आपापल्या घरचं सामान आणून देतात. मला पहिल्यांदा फार विचित्र वाटलं होतं, शेजारचा डॉक्टर स्वतःचे वापरलेले बूट अंगणात मांडून बसलेला. आता माझ्या घरातला सोफा, मुलाची सायकल, बर्फ ओढायचं फावडं, सगळं तिथलंच.

अनुभवाचं सांगतो. जाहिरातीत सकाळी नऊ लिहिलं तर सव्वासातला माणसं दारात उभी असतात. ते घरासाठी घेणारे नसतात, पुढं विकणारे असतात. त्यांना चांगलं काय ते पाच मिनिटांत कळतं आणि ते उचलून जातात, मागून येणाऱ्या साध्या माणसाला उरलेल्या बरण्या. म्हणून वेळेआधी दार उघडायचं नाही, कितीही गोड बोलले तरी. मोठ्या सेलला दारात नंबराच्या चिठ्ठ्या देतात आणि एकावेळी वीस-पंचवीस माणसंच आत सोडतात. तुमच्या पेठेतल्या घरात तर दहाच सोडा, जिना अरुंद असणार.

दुसरं म्हणजे भाव कमी करायचा अधिकार एकाच माणसाला द्या. पाच जण विकायला बसले आणि पाचही जण कमी करायला लागले की गिऱ्हाईक बरोबर सगळ्यात मऊ माणूस शोधून काढतं. शेवटच्या दिवशी दुपारनंतर सगळं अर्ध्या किमतीत, आणि अगदी शेवटच्या तासाला पिशवी भरून अमुक रुपये. उरलेलं घरात परत न्यायचं नाही हे आधीच ठरवा, नाहीतर तेच सामान परत माडीवर जातं.

हिशेबनीस | ६ सप्टेंबर, सकाळी १०:२०

सगळे दोरा आणि बॉबिनमध्ये रमलेत, मी रुक्ष गोष्टी सांगतो.

आधी वारस. आत्याबाईंनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर वस्तूंवर सगळ्या वारसांचा हक्क आहे. एखादा भाचा मुंबईत बसून उद्या म्हणाला की ते घंगाळ माझ्या आजीचं होतं, तर दान राहील बाजूला. सगळ्यांकडून साध्या कागदावर लेखी संमती घ्या, काय विकणार आणि पैसे कुठं जाणार हे लिहून. सोनं-चांदी, जुनी चित्रं वगैरे असतील तर ती या विक्रीत आणूच नका, त्याचा हिशेब आणि कर दोन्ही वेगळं. रोजच्या वापरातली भांडीकुंडी, कपडे, फर्निचर यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

मग पैसे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, नोंदणी क्रमांक आणि ८०जी चं (देणगीवर आयकरात वजावट मिळते ते) प्रमाणपत्र मागून घ्या, विचारायला लाजू नका, चांगली संस्था स्वतःहून दाखवते. वस्तू दान दिल्या तर ८०जी मिळत नाही, पैसेच लागतात, आणि रोख दोन हजारांच्या वर दिलं तर त्याचीही वजावट नाही. म्हणजे रोख जमा झालेलं बँकेत भरून चेकनं द्या. नवी करपद्धत घेतली असेल तर ८०जी चा तसाही उपयोग नाही, मग नुसती पावती घ्या आणि समाधान माना. विकत घेणाऱ्याला देणगीची पावती मिळणार नाही हे बोर्डावरच लिहा, तो वस्तू घेतोय, देणगी देत नाहीये. कोणी तरी शंभर टक्के मागणार.

दानपेटी ठेवायचा मोह झाला तर ती संस्थेची, त्यांच्याच माणसासकट आणि पावतीपुस्तकासकट. आपल्या नावानं लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादायची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तशी. आणि सामान रस्त्यावर मांडू नका, घरात आणि अंगणातच ठेवा, म्हणजे महापालिका आणि पोलीस दोघांशीही संबंध येत नाही.

चिल्लर_पार्टी | ६ सप्टेंबर, सकाळी १०:३१

हिशेबनीस आले की धाग्याला एकदम ऑफिसचा वास येतो. पण बरोबर आहे.

तांबटाची_सून | ६ सप्टेंबर, दुपारी ४:१५

पितळेचं मी बघते. माझं सासर भांड्यांच्या धंद्यातलं.

पितळ आणि तांबं अंदाजानं विकू नका, वजनावर किंमत लावा. आदल्या दिवशी दोन दुकानात मोडीचा भाव विचारा, मोड म्हणजे आपलं जुनं भांडं देताना जो भाव देतात तो, आणि त्याच्या थोडं वर ठेवा. दुकानातल्या नव्या भांड्यापेक्षा ते तरी स्वस्तच पडतं आणि मोडवाल्यालाही घेण्यात राम राहत नाही, म्हणजे भांडं वितळायला न जाता कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाईल. बंब आणि घंगाळ मात्र वजनावर नको, ती हल्ली लोक दिवाणखान्यात झाड लावायला नेतात, त्यांची किंमत तोंड बघून :) पितळेच्या पातेल्यांना कल्हई नसेल तर चिठ्ठीवर तसं लिहा, आंबट शिजवलं तर बाधतं.

भांड्यावर नावं असतील ना? आमच्याकडे नाव घालायला माणूस बसायचा, बारीक छिन्नी आणि हातोडी, टिंब टिंब करत अक्षर उठायचं. हल्ली मशीन करकर करून लिहिते, त्यात ती मजा नाही. नावाची भांडी आधी घरच्यांना विचारा.

बाळीवेसकर | ८ सप्टेंबर, रात्री १०:१८

किती लिहिलंत सगळ्यांनी, बरं वाटलं. हिशेबनीस, मृत्युपत्र नाही, पण आम्ही सगळे मिळून सात जण, सहांनी सही दिली, सातवा नाशिकचा भाऊ आहे तो म्हणाला झोपाळा मला ठेवा मग सही. ठेवला.

काल नावाची भांडी काढली. एका तांब्यावर "माईस, १२-५-६४". माई म्हणजे माझी आजी. एका डब्यावर सिव्हिलच्या स्टाफनं निरोप देताना घातलेलं नाव आणि साल. एका ताटावर कुणाचं तरी नाव आहे जे आमच्या सात जणांपैकी कुणालाच माहीत नाही. बहीण म्हणाली शेजारच्यांचं असेल, चाळीस वर्षं परत द्यायचं राहिलेलं. माईचा तांब्या मी ठेवला. बाकी आत्याच्या नावाचे बारा पेले, पाच डबे आणि परात राहिलीय, ती विकायची का नको कळत नाही.

तांबटाची_सून | ८ सप्टेंबर, रात्री १०:४०

सगळ्यांनी एकेक पेला घ्या आणि बाकी विका. नावासकट. काही होत नाही.

जुळे_सोलापूर_९ | ९ सप्टेंबर, सकाळी ९:०५

काय विकू नये याची पण यादी करा. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचा असतो, तो एजन्सीला परत करा, डिपॉझिट मिळेल, तेच संस्थेला द्या. औषधं तर घरात सिस्टर होती म्हणजे ढीगभर असतील, एकही नको. हेल्मेट नको. जुना पेटीसारखा टीव्ही असेल तर तो ई-कचऱ्यात, त्याच्या काचेत शिसं असतं. कुकर द्यायचा असेल तर नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह टाकूनच. मिक्सर, इस्त्री, पंखे यांच्यासाठी एक एक्स्टेन्शन बोर्ड लावून ठेवा, घेणारा समोर चालवून बघेल आणि नंतर भांडायला येणार नाही. कोणी मोबाईल आणून दिला विकायला तर आधी KYM लिहून पुढे त्याचा आयएमईआय नंबर (प्रत्येक मोबाईलचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून १४४२२ ला मेसेज करा, चोरीचा असला तर कळतं.

आणि पुस्तकांची पानं, साड्यांच्या घड्या, पिठाचे डबे सगळं झटकून बघा. आमच्या आजीच्या नऊवारीत नोटा निघाल्या होत्या, त्या पण बंद झालेल्या, पाचशेच्या.

लूमवाला | ९ सप्टेंबर, दुपारी २:२२

जाहिरात कुठं करालाव? व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून होटगी रोड आणि विजापूर रोडवालेच येतील, त्यांच्या घरात ऑलरेडी सगळं आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, २००६ ची, आणि तिथंच रे नगर, २०२४ च्या जानेवारीत पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या. माझी मावशी तिथं गेलीय राहायला. घर मिळालं पण घरात ठेवायला कपाट कुठलं, पलंग कुठला. ही लोकं तुमचं खरं गिऱ्हाईक. पगार झाल्यावरचा शनिवार-रविवार धरा, मी स्वतः जाऊन सांगतो. जाताना सामान न्यायला एक टेम्पो ठरवून ठेवा, चार घरात भाडं वाटून घेतील.

अजून एक, विकायला एक तेलुगू बोलणारं आणि एक कन्नड बोलणारं माणूस पाहिजे. पूर्व भागातली आजी येऊन "एन्ता?" म्हणली आणि तुम्ही तोंडाकडं बघत बसला तर ती निघून जाईल. आणि चिठ्ठीवर आकडा इंग्रजीत लिहा, तो सगळ्यांना वाचता येतो.

बाळीवेसकर | ९ सप्टेंबर, रात्री ११:३०

तुम्हीच या की मग तेलुगूला :)

लूमवाला | १० सप्टेंबर, सकाळी ६:५०

येतो की. "एष्टु" म्हणणाऱ्यांसाठी माझा अक्कलकोटचा पार्टनर आणतो.

सात_रस्ता | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१२

२२ चादरींचं काय करणार? सोलापुरात चादर विकणं म्हणजे कोकणात नारळ विकणं.

बाळीवेसकर | २० ऑक्टोबर, रात्री ९:३०

झाली विक्री! उशीर झाला लिहायला, दोन दिवस नुसती झोपले. आता मोठ्ठं लिहितेय, चहा घेऊन बसा.

चिठ्ठ्या लावायलाच आम्हाला पाच रविवार लागले. आम्हाला वाटलेलं विक्री हे काम आहे, पण खरं काम म्हणजे एकेक वस्तू हातात घेऊन तिच्यावर आकडा लिहिणं. आत्याची नर्सिंगची कात्री, तिची किंमत काय? बहीण म्हणाली वीस रुपये, मी म्हणाले नाही देणार, मग अर्धा तास भांडण, मग ती कात्री बहिणीनंच घेतली आणि वीस रुपये डब्यात टाकले. नंतर तोच नियम केला की घरच्यांना काही हवं असेल तर चिठ्ठीवरचे पैसे टाकून घ्यायचं. भांडणं एकदम बंद झाली. नाशिकच्या भावाला पण झोपाळ्याचे पैसे टाकायला लावले.

साधारण हिशेब असा ठेवला की दुकानातल्या किमतीचा तिसरा हिस्सा, आणि आकडे दहा, वीस, पन्नास, शंभर असे सरळ, सुट्ट्याचा घोळ नको. तरी पहिल्या तासात सुटे संपलेच. लूमवाल्यांचं पांढरं सूत फार कामाला आलं, अख्ख्या घराला धागे लोंबकळत होते, वडाला गुंडाळतात तसं वाटायला लागलं.

पाणीवार, तुमचं ऐकून वार बघितला, शनिवार पाण्याचा निघाला नाही, रविवारी पहाटेच येऊन गेलं. देव पावला.

शनिवारी दहाला उघडणार लिहिलेलं, आठलाच तिघे दारात. एकजण म्हणाला ताई मी नुसतं बघतो, दुसरा म्हणाला सगळं पितळ एकरकमी घेतो, दार पण उघडायला नको, खिडकीतून द्या. कनेक्टिकटवाल्यांची आठवण झाली, नाही म्हणाले. दहाला दार उघडलं तोपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत रांग, आणि त्यात कुंभारीच्या बायकाच निम्म्या. पहिल्या अर्ध्या तासात काय गेलं असेल? पिंपं. चौदाच्या चौदा. दोघींचं एका पिंपावरून वाजलं पण, तेलुगूमध्ये, लूमवाल्यांनी मधे पडून मिटवलं, काय म्हणाले ते मला सांगितलं नाही. कपाटं तिन्ही गेली, एकाचं कुलूप चालत नव्हतं, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं, घेणारी म्हणाली आमच्यात चोरण्यासारखं काय आहे, शंभर कमी करा. केले.

आता नावाच्या भांड्यांचं सांगते. शनिवारी दुपारी एक बाई आल्या, साठीच्या असतील, भांड्यांपुढं खाली बसून एकेक पेला उलटा करून नाव वाचत होत्या. मला वाटलं ओळखीच्या आहेत. विचारलं तर म्हणाल्या नाही ओ, माझं पण हेच नाव आहे. घराण्याचं नाव वेगळं पण पेल्यावर नुसतं पहिलंच नाव आहे. पाचही पेले, सगळे डबे आणि परात, सगळं त्यांनीच घेतलं आणि वर म्हणाल्या, नाव घालायचे पैसे वाचले. मी आत जाऊन रडले का हसले मलाच कळलं नाही.

साड्यांमध्ये नोटा नाही निघाल्या, पण एका पुस्तकात सिव्हिलच्या कँटीनची कुपनं निघाली, तीन रुपयावाली.

फसलेल्या गोष्टी पण सांगते. चादरी! @सात_रस्ता तुमचं खरं. २२ पैकी १९ तशाच राहिल्या, दुकानापेक्षा निम्म्यानं लावल्या तरी लोक हात लावून कापड बघायचे आणि सांगायचे ही कुठल्या कारखान्याची आहे, सूत किती नंबरचं आहे, आणि ठेवून द्यायचे. पुस्तकं निम्मी राहिली, ती एका वाचनालयाला दिली, उरलेली रद्दीत गेली, वाईट वाटलं. आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा लावला होता, त्याचा आवाज देणारा डबा नव्हता आमच्याकडे, म्हणून प्रत्येक वेळी संस्थेच्या माणसाला फोन करून आले का, आले का. रविवारी शेवटी त्यांचाच एक मुलगा मोबाईल घेऊन येऊन बसला.

हिशेब: शनिवार ७१,२६०, रविवार ४०,९१५, एकूण १,१२,१७५. त्यातले ६४,३०० थेट संस्थेच्या खात्यात, ४७,८७५ रोख, ते बँकेत भरून चेक दिला, पावती मिळाली. मांडव आणि टेबलांचं भाडं, टेम्पो, पिशव्या, चहा-भजी मिळून ७,७९० लागले ते आम्ही बहिणींनी घातले, विक्रीतून काढले नाहीत. भंगारवाल्यानं सगळ्या घराचे अठरा हजार सांगितले होते.

हिशेबनीस | २० ऑक्टोबर, रात्री १०:०४

बेरीज तपासली, बरोबर आहे. अभिनंदन.

तांबटाची_सून | २० ऑक्टोबर, रात्री १०:११

पेल्यांची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या पाच कसे, बारा होते ना?

बाळीवेसकर | २० ऑक्टोबर, रात्री १०:१५

सात घरी राहिले. तुम्हीच सांगितलं होतं एकेक घ्या :) प्रत्येकाचे चाळीस चाळीस रुपये वसूल केलेत.

कनेक्टिकटचा_सोलापुरी | २१ ऑक्टोबर, पहाटे ४:२०

फोटो टाका की. आणि १९ चादरींचं पुढे काय झालं?

बाळीवेसकर | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

त्या संस्थेलाच दिल्या. सिव्हिलच्या आवारात रात्री पेशंटचे नातेवाईक झोपतात, थंडी सुरू होईल आता. लूमवाला, तुम्हाला वाटेल की शेवटी फुकटच वाटलं, पण संस्थेवाले म्हणाले ते वाटत नाहीत, रात्री वापरायला देतात आणि सकाळी परत घेऊन धुतात.

लूमवाला | २१ ऑक्टोबर, दुपारी २:०५

मग चालतंय. रांगेत उभं करून फोटो काढला नाही म्हणजे झालं. पण ताई टेबलाचं नाही सांगितलं तुम्ही. सांगा की.

बाळीवेसकर | २१ ऑक्टोबर, रात्री ९:५५

सांगते, तुम्ही सोडणार नाहीच.

मांडववाल्याकडून भाड्यानं चार घडीची टेबलं आणली होती सामान मांडायला. रविवारी दुपारी सगळं अर्ध्या किमतीत केल्यावर माझा सोळा वर्षांचा भाचा जोशात आला आणि वरचं सामान विकून झाल्यावर खालचं टेबल पण विकलं. साडेतीनशेला. चिठ्ठी नव्हती तर स्वतःच किंमत ठरवली म्हणे. संध्याकाळी मांडववाला आला, मोजतो तर तीनच. टेम्पोवाल्याला फोन करून घर शोधलं, कुंभारीला. तो माणूस फोनवर फार चांगला बोलला, पण म्हणाला, ताई आत्ताच त्यावर देव मांडले, बायको म्हणते आता हलवायचे नाहीत, पाहिजे तर वरचे दोनशे देतो.

देवांना कुठं उठवणार. मांडववाल्याला टेबलाचे नऊशे भरले आम्ही. म्हणजे आमचा खर्च ७,७९० नाही, ८,६९० धरा हिशेबनीस. साडेतीनशे विक्रीत आलेत ते तसेच राहू दिले.

चिल्लर_पार्टी | २१ ऑक्टोबर, रात्री १०:०२

भाच्याला आमच्या घरी पाठवा. मला सासऱ्यांचा सोफा विकायचाय.

नवीन_सदस्य_४१ | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:१६

नमस्कार, धागा आत्ता वाचला. शिलाई मशीन गेली का? बहिणीला पाहिजे होती.

बाळीवेसकर | ३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

दार उघडल्यावर पाचव्या मिनिटाला. घेणारीनं तिथंच बसून पायडल मारून, एक चिंधी शिवून बघितली आणि मगच पैसे दिले.